राजा एकच, पक्ष अनेक : नेपाळच्या राप्रपा आणि राप्रपा नेपालविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काठमांडूत राजासाठी मोर्चा निघाला की आपल्याकडच्या बातम्यांत ‘राजावादी पक्ष’ एवढाच उल्लेख येतो. तो पक्ष एक नाही. एकाच नावाचे, एकाच मागणीचे गट तिथे गेली पस्तीस वर्षं फुटताहेत, जुळताहेत, पुन्हा फुटताहेत. नेपाळच्या राजकारणाचा हा कोपरा मी बरीच वर्षं जवळून वाचत आलो आहे. ओळखीपाळखीचे लोक नेहमी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

राप्रपा आणि राप्रपा नेपाल हे दोन वेगळे पक्ष आहेत का?

हो. राप्रपा म्हणजे राष्ट्रीय प्रजातंत्र पार्टी, हा मूळ पक्ष. राप्रपा नेपाल म्हणजे राष्ट्रीय प्रजातंत्र पार्टी नेपाल. हा कमल थापा यांनी मूळ पक्षातून फुटून उभा केलेला गट. नावात फक्त शेवटच्या शब्दाचा फरक असल्याने बातम्यांत गोंधळ होतो. त्यात भर म्हणजे राप्रपा नेपाल दोनदा जन्माला आली. पहिली २००६ ते २००८ या काळातल्या फुटीतून घडली आणि २०१६ मध्ये मूळ पक्षात विलीन झाली. दुसरी २०२२ मध्ये त्याच नेत्याने त्याच नावाने उभी केली. त्यामुळे ‘राप्रपा नेपाल’ असं वाचलं की आधी साल बघायचं.

मूळ राप्रपा कुठून आली?

पंचायत राजवटीतून. डिसेंबर १९६० मध्ये राजा महेंद्र यांनी बी. पी. कोइराला यांचं निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं, पक्षांवर बंदी घातली आणि ‘पंचायत’ नावाची पक्षविरहित व्यवस्था आणली. सत्तेची सगळी सूत्रं राजवाड्यात. १९८० मध्ये राजा वीरेंद्र यांनी जनमत घेतलं तेव्हा सुधारित पंचायत व्यवस्थेला सुमारे ५५ टक्के मतं पडली, बहुपक्षीय लोकशाहीला सुमारे ४५. पुढे १९९० च्या जनआंदोलनाने पंचायत मोडली आणि वीरेंद्र घटनात्मक राजे झाले.

पंचायतीत पंतप्रधान, मंत्री, जिल्ह्याचे पुढारी म्हणून वावरलेल्या मंडळींना आता निवडणूक लढवण्यासाठी पक्ष हवा होता. तो त्यांनी काढला आणि पहिल्याच दिवशी दोन काढले. लोकेंद्र बहादूर चंद यांची राष्ट्रीय प्रजातंत्र पार्टी आणि सूर्य बहादूर थापा यांची राष्ट्रीय प्रजातंत्र पार्टी. नाव तेच, कंसात नेत्याचं आडनाव. दोघेही पंचायत काळातले माजी पंतप्रधान, दोघेही राजनिष्ठ. धोरणात फरक शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. १९९१ च्या निवडणुकीत चंद गटाला तीन आणि थापा गटाला एक जागा मिळाली. मग १९९२ मध्ये दोघे एकत्र आले.

एकत्र आल्यावर फायदा झाला का?

भरपूर. १९९४ मध्ये २०५ पैकी २० जागा आणि जवळजवळ १८ टक्के मतं. एवढ्या टक्क्यांच्या जवळपासही हा पक्ष पुन्हा कधी गेलेला नाही. संसद त्रिशंकू होती, म्हणून वीस खासदारांना सोन्याचा भाव आला. मार्च १९९७ मध्ये चंद पंतप्रधान झाले, एमालेच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर. ऑक्टोबरात त्यांचं सरकार पडलं आणि त्यांच्याच पक्षाचे सूर्य बहादूर थापा पंतप्रधान झाले, या वेळी नेपाळी काँग्रेसच्या पाठिंब्यावर. एका पक्षाचे दोन नेते, एका वर्षात, एकमेकांविरुद्ध दोन वेगळे मित्र घेऊन खुर्चीवर बसले.

१९९८ च्या सुरुवातीला चंद बाहेर पडले. १९९९ च्या निवडणुकीत मूळ पक्ष ११ वर आला आणि चंद गटाला भोपळा मिळाला. त्यानंतर पुन्हा दिलजमाई. पुढच्या प्रत्येक फुटीचा नमुना या दोन वर्षांत दिसतो. फुटायचं, निवडणुकीत मार खायचा, एकत्र यायचं आणि सत्तेचा वाटा दिसला की परत भांडायचं.

मग राप्रपा नेपाल नेमकी कशातून जन्मली?

१ जून २००१ ला नारायणहिटी राजवाड्यात राजा वीरेंद्र यांच्यासह राजघराण्यातल्या अनेकांची हत्या झाली आणि ज्ञानेंद्र गादीवर आले. देशात माओवाद्यांचं सशस्त्र युद्ध चालू होतं. १ फेब्रुवारी २००५ ला ज्ञानेंद्र यांनी सगळी सत्ता स्वतःच्या हातात घेतली. पक्षांचे नेते नजरकैदेत, फोन बंद, वृत्तपत्रांवर नियंत्रण.

राप्रपापुढे तेव्हा खरी कसोटी उभी राहिली. पक्ष राजाचा होता, पण पक्षच होता, आणि राजाने पक्षांनाच मोडीत काढलं होतं. अध्यक्ष पशुपती शमशेर राणा यांना ही थेट राजवट मान्य नव्हती. कमल थापा दुसऱ्या बाजूला गेले. ते ज्ञानेंद्र यांच्या मंत्रिमंडळात गृहमंत्री झाले आणि २००६ च्या सुरुवातीला पक्ष उभा चिरला. एप्रिल २००६ मध्ये एकोणीस दिवसांचं जनआंदोलन झालं तेव्हा संचारबंदी आणि गोळीबाराची जबाबदारी असलेलं खातं थापांकडेच होतं. त्यांच्या विरोधकांनी हे आजवर विसरलेलं नाही आणि विसरू नये असंच मलाही वाटतं. राजेशाहीबद्दल कुणाला कितीही आस्था असो, त्या एप्रिलमध्ये रस्त्यावर माणसं मेली होती.

आंदोलनापुढे राजा नमला. १८ मे २००६ ला पुनर्स्थापित संसदेने नेपाळ धर्मनिरपेक्ष असल्याचं जाहीर केलं. राणांची राप्रपा काळाबरोबर सरकली आणि गणराज्य स्वीकारायला तयार झाली. थापांचा गट मात्र ‘राजा आणि हिंदू राष्ट्र’ यावर ठाम राहिला. तोच राप्रपा नेपाल. या एका मुद्द्यापुरती ही फूट खरोखर विचारांची होती. या पक्षाच्या सगळ्या इतिहासात अशी फूट बहुधा ही एकच.

सूर्य बहादूर थापा आणि कमल थापा एकाच घरातले का?

नाही, आडनाव तेवढं सारखं. सूर्य बहादूर वेगळ्या वाटेने गेले. त्यांनी २००५ मध्ये राष्ट्रीय जनशक्ती पार्टी काढली आणि काही वर्षांनी राप्रपात परतले.

२८ मे २००८ ला संविधानसभेत या गटाने काय केलं?

संविधानसभेची पहिलीच बैठक होती, काठमांडूच्या नया बानेश्वर भागातल्या आंतरराष्ट्रीय संमेलन केंद्रात. बाहेर दिवसभर गर्दी, घोषणा, लाल झेंडे. बैठक सुरू व्हायलाच उशीर झाला आणि मतदानाला रात्र झाली. गणराज्याच्या ठरावाच्या बाजूने ५६० मतं पडली, विरोधात चार. चारही मतं राप्रपा नेपालची. मूळ राप्रपाच्या सदस्यांनी विरोध केला नाही.

त्या रात्री त्या सभागृहात विरोधात उभं राहणं सोपं नव्हतं. सुमारे २४० वर्षांची शाह राजेशाही संपत होती आणि ज्या पुढाऱ्यांची सारी कारकीर्द राजवाड्याच्या सावलीत गेली, ते सगळे गप्प होते. त्या चौघांच्या भूमिकेशी मी सहमत नाही, पण मताशी प्रामाणिक राहणं कशाला म्हणतात ते त्यांनी दाखवलं. पुढे लोकांनी या पक्षाला जी मतं दिली, त्यांची मुळं त्या चार मतांत आहेत. ११ जूनला ज्ञानेंद्र नारायणहिटी सोडून बाहेर पडले.

राजाच गेला, तरी राजाचा पक्ष वाढला कसा?

या प्रश्नाचं उत्तर निवडणुकीच्या पद्धतीत आहे. संविधानसभेच्या ६०१ जागांपैकी २४० थेट मतदारसंघातून, ३३५ समानुपातिक पद्धतीने आणि २६ नियुक्त. समानुपातिक म्हणजे मतदार उमेदवाराला नव्हे तर पक्षाला मत देतो, देशभरातली मतं एकत्र मोजतात आणि त्या प्रमाणात जागा मिळतात. किमान टक्केवारीची अट तेव्हा नव्हती. म्हणूनच २००८ मध्ये जेमतेम एक टक्का मतांवर राप्रपा नेपालचे चार सदस्य सभागृहात पोचले. थेट लढतीत एकही आला नव्हता.

२०१३ च्या दुसऱ्या संविधानसभेत हेच गणित मोठं झालं. साडेसहा टक्क्यांहून थोडी जास्त, म्हणजे सव्वासहा लाखांवर मतं आणि २४ जागा. थेट मतदारसंघातून पुन्हा शून्य, पण पक्ष देशात चौथ्या क्रमांकावर. मूळ राप्रपा १३ वर थांबली. फुटून निघालेला गट मूळ पक्षाच्या पुढे गेला.

मतं कुणाची होती? पहिली संविधानसभा चार वर्षं चालून घटना न देताच विसर्जित झाली होती. सरकारामागून सरकार बदलत होतं. धर्मनिरपेक्षतेचा निर्णय आपल्याला न विचारता झाला असं मानणारे बरेच होते. अशा नाराज माणसाला एका वेगळ्या मतपत्रिकेवर, गावातल्या उमेदवाराला न दुखावता, गाईच्या चिन्हावर शिक्का मारता येत होता. राप्रपा नेपालचं चिन्ह गाय होतं, आणि गाय हा नेपाळचा राष्ट्रीय प्राणीही आहे. मूळ राप्रपाचं चिन्ह नांगर. हिंदू राष्ट्र मागणाऱ्या पक्षाला गाईपेक्षा बोलकं चिन्ह कुठून मिळणार?

यातला एक बारकावा महत्त्वाचा आहे. हिंदू राष्ट्र हवं म्हणणारे सगळेच राजा हवा म्हणत नाहीत. नेपाळी काँग्रेसमध्येही हिंदू राष्ट्राच्या बाजूचा एक प्रवाह आहे, पण त्यांना ज्ञानेंद्र नको आहेत. २०२१ च्या जनगणनेत नेपाळमध्ये ८१ टक्के हिंदू आहेत आणि या पक्षांची मतं कधीही त्याच्या जवळपास पोचलेली नाहीत.

घटनेविरुद्ध मतदान केलं आणि त्याच घटनेखाली उपपंतप्रधान झाले, हे खरं आहे का?

खरं आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये घटनेचा मसुदा कलमवार मतदानाला आला. हिंदू राष्ट्राची दुरुस्ती आवाजी मतदानाने फेटाळली गेली. कमल थापांनी मतविभागणी मागितली. त्यासाठी ६१ सदस्य उभे राहायला हवे होते, राहिले २१. अंतिम मतदानात ५०७ बाजूने आणि २५ विरोधात. विरोध याच पक्षाचा. २० सप्टेंबरला घटना लागू झाली.

ऑक्टोबरात के. पी. ओली यांचं सरकार आलं आणि कमल थापा उपपंतप्रधान व परराष्ट्रमंत्री झाले. भारताच्या सीमेवरची नाकेबंदी तेव्हा ऐन भरात होती. पेट्रोल, गॅस, औषधांची टंचाई होती आणि थापा त्याच महिन्यात बोलणी करायला दिल्लीला आले. २०१७ मध्ये ते प्रचंड यांच्या सरकारातही उपपंतप्रधान झाले. राजेशाहीविरुद्ध दहा वर्षं बंदूक चालवलेल्या माओवाद्यांचे प्रमुख ते हेच प्रचंड.

समर्थक म्हणतात, सभागृहात राहायचं तर सत्तेतही वाटा घ्यावा लागतो. माझं मत वेगळं आहे. चार मतांच्या त्या रात्रीने जी पत कमावली होती, ती या मंत्रिपदांनी खर्ची पडली.

२०१६ च्या एकीकरणानंतर वर्षभरातच पुन्हा तुकडे कसे झाले?

नोव्हेंबर २०१६ मध्ये राप्रपा आणि राप्रपा नेपाल एक झाल्या. खासदार ३७, अध्यक्ष कमल थापा. मार्च २०१७ मध्ये निवडणूक आयोगाने एकीकृत पक्षाच्या पक्षघटनेतून हिंदू राष्ट्र आणि राजेशाहीचा मजकूरच वगळला, कारण तो देशाच्या घटनेशी विसंगत होता. कार्यकर्ते भडकले, पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेला. बाहेरून असा घाव बसला की माणसं एकत्र येतात, इथे उलट घडलं. पक्षातलेच एक नेते प्रकाशचंद्र लोहनी यांनी वेगळा ‘राष्ट्रवादी’ गट काढला. ऑगस्टमध्ये पशुपती शमशेर राणा निघाले, त्यांच्या पक्षाच्या कंसात ‘प्रजातांत्रिक’ लागलं.

शिक्षा त्याच वर्षी मिळाली. नव्या नियमाप्रमाणे समानुपातिक जागांसाठी किमान तीन टक्के मतं लागत होती. थापांच्या पक्षाला दोन टक्क्यांच्या आसपास, राणांना एक टक्काही नाही. एवढ्या सगळ्या गटांत मिळून संसदेत पोचला एकच माणूस, झापा-३ मतदारसंघातून राजेंद्र लिङ्देन, तेही एमालेच्या मदतीने. त्यांनी हरवलेले कृष्णप्रसाद सिटौला हे राजेशाही गेली त्या काळातले गृहमंत्री, त्यामुळे राजावाद्यांना या एका जागेचा आनंद फार झाला. राणा आणि लोहनी यांचे गट आधी एकमेकांत मिसळून ‘संयुक्त’ झाले आणि मार्च २०२० मध्ये मूळ पक्षात परतले. एका पक्षाला तीन अध्यक्ष मिळाले: थापा, राणा, लोहनी.

कमल थापांनी दुसऱ्यांदा पक्ष का सोडला?

हरले म्हणून. डिसेंबर २०२१ च्या महाधिवेशनात अध्यक्षपदासाठी प्रतिनिधींनी मतदान केलं. लिङ्देन यांना १,८४४ मतं, थापांना १,६१७. पंचायतीच्या सावलीतून आलेल्या पुढाऱ्यांच्या पक्षात पूर्वेकडच्या झापा जिल्ह्यातला, लिंबू नावाच्या जनजातीतला एक नेता प्रतिनिधींच्या मतांनी अध्यक्ष झाला. मला ही या पक्षाच्या आयुष्यातली सर्वांत निरोगी घटना वाटते. लोकशाहीबद्दल संशयाने बघितल्या जाणाऱ्या पक्षाने आपला अध्यक्ष मतपेटीतून बदलला होता.

थापांना तसं वाटलं नाही. आपल्या पराभवामागे निर्मल निवासचा हात असल्याचं त्यांनी उघडपणे म्हटलं. निर्मल निवास म्हणजे काठमांडूच्या महाराजगंजमधलं ज्ञानेंद्र यांचं खाजगी निवासस्थान. ज्या राजासाठी पक्ष चिरला, गृहमंत्रिपदाची बदनामी अंगावर घेतली, चार मतं टाकली, त्याच राजाने पाठ फिरवली असं त्यांना वाटलं. त्यांच्या जागी बसून पाहिलं तर ती जखम समजते. पण २०२२ च्या सुरुवातीला राप्रपा नेपाल पुन्हा उभी करण्यामागे या वेळी विचाराचं काहीच अंतर नव्हतं.

२०२२ मध्ये मतदारांनी काय निवाडा दिला?

स्पष्ट दिला. थापांनी एमालेशी युती केली आणि आपल्या जुन्या मकवानपूर जिल्ह्यात, मकवानपूर-१ मध्ये, चक्क कम्युनिस्टांच्या सूर्य चिन्हावर उभे राहिले. त्यांना हरवलं मूळ राप्रपाचे दीपक बहादूर सिंह यांनी. राजाचा एक उमेदवार नांगरावर, दुसरा सूर्यावर, आणि नांगर जिंकला. मूळ पक्षाला देशभरात साडेपाच टक्क्यांवर मतं आणि १४ जागा मिळाल्या. पैकी सात थेट मतदारसंघातून होत्या.

दोन्ही गटांच्या मागण्यांत काही फरक आहे?

मुख्य मागण्या सारख्याच: घटनात्मक राजेशाही, सनातन हिंदू राष्ट्र, इतर धर्मांना स्वातंत्र्य, आणि प्रदेश सरकारांच्या संघीय रचनेला विरोध. निरंकुश राजा परत हवा, असं दोन्हीपैकी कुणी म्हणत नाही. २०२५ मध्ये २९ मेपासून, म्हणजे नेमक्या गणतंत्र दिनापासून, दोघांनी एकत्र आंदोलनही केलं.

२०२५ च्या मार्चमधले मोर्चे याच पक्षांचे होते का?

पूर्णपणे नाही. ९ मार्चला ज्ञानेंद्र पोखऱ्याहून काठमांडूला आले तेव्हा विमानतळाबाहेर हजारो लोक जमले. ‘राजा आऊ, देश बचाऊ’ ही घोषणा सगळीकडे ऐकू आली. त्या स्वागतात राप्रपा होती. गर्दीत योगी आदित्यनाथांचं छायाचित्र झळकल्यावर मोठा वादही झाला. २८ मार्चच्या काठमांडूतल्या तीनकुने इथल्या सभेची सूत्रं मात्र नवराज सुबेदी यांची राजेशाहीवादी आंदोलन समिती आणि व्यावसायिक दुर्गा प्रसाई यांच्याकडे होती. तिथे जाळपोळ झाली, गोळीबार झाला आणि दोघांचा जीव गेला. त्यातला एक वृत्तवाहिनीचा कॅमेरामन होता, आपलं काम करत असलेला. त्या हिंसेने राजाच्या बाजूने नुकतीच वळू लागलेली सहानुभूती एका दुपारी घालवली.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध आहे का?

दोन धागे खरे आहेत. पहिला विचारांचा. जगातलं एकमेव हिंदू राज्य म्हणून नेपाळबद्दल सावरकरांपासून इथल्या हिंदुत्ववादी वर्तुळात आस्था राहिली. गोळवलकर गुरुजींनी राजा महेंद्र यांना १९६५ च्या मकरसंक्रांतीला नागपूरच्या संघाच्या उत्सवासाठी बोलावलं होतं. ती भेट शेवटी झाली नाही. दुसरा धागा सोयरिकीचा. पशुपती शमशेर राणा हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे जावई. त्यांच्या पत्नी उषाराजे या जिवाजीराव आणि विजयाराजे शिंदे यांच्या कन्या. माधवराव शिंदे यांच्या पत्नी माधवीराजेही नेपाळच्या राणा घराण्यातल्याच.

पण यावरून या पक्षांना दिल्ली किंवा नागपूर चालवतं असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. कमल थापा परराष्ट्रमंत्री होते ते नाकेबंदी सोसणाऱ्या सरकारात. नेपाळचा राजावाद हा आधी नेपाळी राष्ट्रवाद आहे आणि भारताच्या मोठेपणाची धास्ती त्यात पहिल्यापासून आहे.

मुंबई-पुण्यात, गोव्यात काम करणारे नेपाळी यांना मत देतात का?

इथून कुणालाच मत देता येत नाही. परदेशातल्या नागरिकांच्या मतदानाची सोय करा, असा आदेश नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला होता. पण २०२२ ची निवडणूक त्या सोयीविनाच झाली. ज्याला मत द्यायचं तो गाडी धरून गावी जातो.

राजेशाही परत आणायला कायदेशीर वाट आहे का?

आहे, पण चिंचोळी. घटनादुरुस्तीला संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं लागतात. २७५ च्या प्रतिनिधिसभेत म्हणजे १८४. जनमत घ्यायचं, अशी राजावाद्यांची आवडती मागणी आहे, पण तेही संसदेने दोन तृतीयांश बहुमताने ठरवलं तरच घेता येतं. २०२२ मध्ये स्वबळावर या विचाराचे १४ जण निवडून आले होते.